घासलेला डबा

ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी अमेरिकेत क्युपर्टिनोला मुलाकडे राहायला गेले. मुलगा-सून दिवसभर कामावर. मला इंग्रजी येत नव्हतं. शेजारी माझ्याच वयाची एक जपानी म्हातारी होती. तिचंही इंग्रजी बेताचंच, म्हणून आमचं जमलं. दुपारी तिच्याकडे जायचं, कडू हिरवा चहा प्यायचा, हातवारे करायचे. दिवसभरात माणसाशी बोलणं तेवढंच.

एकदा मला खोकला झाला, तेव्हा तिने चहाची पत्ती पाठवली, डब्यासकट. डबा तांब्याचा, हाताने ठोकलेला, कुठे जोड दिसेना. झाकण वर ठेवून सोडलं की आपल्या वजनाने सावकाश खाली बसायचं. असं काम मी आमच्या तांबटाकडेही पाहिलं नव्हतं. रंग मात्र काळपट चॉकलेटी. मला वाटलं, म्हातारीचे हात दुखतात, घासणं होत नसेल. दुसऱ्याचं भांडं मळकं आणि रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. चिंच-मीठ लावून लख्ख घासलं, रव्याचे लाडू भरले, नेऊन दिलं.

तिने डबा हातात घेतला आणि खुर्चीत बसली. नुसता अंगठा फिरवत राहिली. लाडवांकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी सुनेला घेऊन गेले. तिने इंग्रजीतून विचारून घेतलं. डबा म्हातारीच्या वडिलांनी केलेला. जपानात कारागीर अशी वस्तू अर्धीच करतो म्हणे, उरलेली वापरणाऱ्याच्या हाताने होते. रोज तळव्याने पुसायचं, मग वर्षांनी तो रंग चढतो. आधी वडिलांचा हात, मग आईचा, मग हिचा.

सून हळूच म्हणाली, "आई, सॉरी म्हणा ना."

"सॉरीने रंग येतो का? तिला विचार, रोज किती वेळ पुसायचं."

सुनेने विचारलं. म्हातारी काहीतरी बोलली आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

सून म्हणाली, "तुमच्या हाताला जोर फार आहे म्हणतात. हळू पुसा."

पाच वर्षं मी रोज दुपारी तिच्या टेबलाशी बसून तो डबा पुसला. तपकिरी झाक आली. तिच्या आईवडिलांच्या हातांचं जे होतं ते मी एका सकाळीत धुऊन टाकलं होतं, ते आलं नाही. एकदा मीच खुणेने विचारलं, झाला का आता? तिने डबा उजेडात धरून नीट पाहिला, 'नाही' अशी मान हलवली आणि माझ्या हातात परत दिला.