मूठमूठ तांदळाची भिंत

पाचवी मुलगी झाली तेव्हा बापाने कपाळाला हात लावला आणि तिचं नाव माल-सुन ठेवलं. 'माल' म्हणजे शेवट. आता मुली पुरे. त्यानंतर घरात आणखी दोन मुली झाल्या. "माझ्यावर येऊन कुणाचं काही संपत नाही," प्यो घराण्याची माल-सुन पुढे जन्मभर सांगत राहिली, आणि सालमोक बंदरातल्या भल्याभल्यांना त्याचा प्रत्यय आला.

लग्न होऊन ती सालमोकला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूने तिच्या हातात पळी दिली.

"तांदूळ धुण्याआधी एक पळी बाजूला काढायची. चर्चची."

"आणि घरात कमी पडला तर?"

"तर तू कमी जेवायचं. पळी चुकवायची नाही."

सासूला तो अधिकार होता. मेथडिस्ट मिशनऱ्यांनी तिथे कौलारू चर्च बांधलं, तेव्हा बायकांना अंगणात चटया टाकून बसायला सांगितलं होतं. सासू आणि तिच्या मैत्रिणींनी पळीपळीने तांदूळ साठवला, विकला आणि खांब आणले. मूळ इमारतीला काटकोनात जोडून त्यांनी स्वतःची बाजू उभी केली. एका बाजूला पुरुष, दुसरीला बायका. कुणी कुणाला दिसायचं नाही. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पाळकाला मात्र दोन्हीकडचे दिसायचे. महायुद्धात जपान्यांनी घंटा वितळवायला नेली. नंतरच्या लढाईत माल-सुनचा नवरा गेला. लढाई थांबल्यावर फौजेने टाकून दिलेलं ऑक्सिजनचं नळकांडं तिने दोरीने ओढत आणलं, बायकांच्या दारात टांगलं आणि हातोडीने बडवायला सुरुवात केली. आवाज भसाडा होता, पण धक्क्यापर्यंत पोचायचा.

मग चौऱ्याहत्तर साली बंदराचा रस्ता रुंद करायचं निघालं. रस्त्याच्या एका अंगाला चर्चची बायकांची बाजू, दुसऱ्या अंगाला मंडळीचे ज्येष्ठ पंच, म्हणजे जांग्नो, यूक यांच्या भातगिरणीचं अंगण. जागा कुठल्याही अंगाची चालेल, तुमचं तुम्ही ठरवा, असं कचेरीने कळवलं.

रविवारच्या उपासनेनंतर सभा भरली. एव्हाना सगळे एकत्रच बसत असत, पण त्या दिवशी माल-सुनने सगळ्या बायकांना मुद्दाम जुन्या बाजूला नेऊन बसवलं. यूक पुरुषांच्या बाजूला उभे होते.

"ती बाजू आता लागते कुणाला? नुसती उंदरांची सोय. पाडायला हरकत नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा. वा! सर्वानुमते..."

"जांग्नोसाहेब, आमचे हात दिसले का?"

"कोण बोलतंय?"

"भिंत बोलतेय. कोपऱ्यापर्यंत या, म्हणजे तोंडही दिसेल."

दोन्हीकडे खसखस पिकली. यूकांचा आवाज चढला; रीतीप्रमाणे मुलाच्या नावाने तिला हाक मारत ते म्हणाले, "दोक-सूची आई, घरचा पुरुष बोलला की घर बोललं. बायकांचे हात वेगळे धरत नाहीत."

"माझा पुरुष मातीत आहे. त्याला विचारून येऊ?" माल-सुन उठली. "बरं, घर पुरुषाचं ना? मग पळीही पुरुषाची. उद्यापासून तांदूळ तुम्हीच काढा."

जाताना तिने दारातला चर्चचा तांदळाचा रांजण पालथा घातला. तो पुढे कितीतरी दिवस तसाच होता. त्याच तांदळावर रविवारचं मंडळीचं जेवण व्हायचं, पाळकाचं घर चालायचं. आता रविवारी बापे रिकाम्या पोटी घरी जायचे आणि घरीही बायकांनी न पेटवलेली थंड चूल बघायचे.

तरुण पाळक बान तिच्याकडे आले. "आजी, मी तर तुमच्याच बाजूचा आहे हो."

"तुम्ही कोपऱ्यातले. दोन्हीकडे बघणं तुमचं काम. त्या दिवशी बघितलंत?"

तिने त्यांच्यापुढे सातूचा भात आणि किमची ठेवली. "जेवा. पाळकाला उपाशी ठेवायची नाही मी. पण रांजणात दाणा पडणार नाही."

अखेर यूक स्वतः हातगाडीवर पोतं घालून चर्चच्या दारात आले. मागे त्यांची बायको होती.

"घ्या. वर्षभराच्या पळ्या एकदम. आता करा तो रांजण सरळ."

"हे गिरणीतलं पोतं."

"तांदूळच आहे ना?"

"आहे की. पण कुणाच्या ताटातला कमी झाला?"

यूकांची बायको मागून म्हणाली, "ताई, ह्यांना काय विचारतेस? आमच्या घरात पळी कुठे टांगलेली असते, ते तरी ठाऊक आहे का ह्यांना?"

पोतं आलं तसं परत गेलं.

पुढच्या रविवारी बान व्यासपीठावरून खाली उतरले. "पुन्हा मत घेऊ. मात्र हात बघणारा माणूस मी उभा राहतो तिथे उभा राहील. जांग्नोसाहेब, या."

यूक कोपऱ्यात येऊन उभे राहिले. पाडायच्या बाजूने पुरुषांचे हात वर झाले, पण गेल्या वेळेइतके नाहीत. काहीजण आपल्या चपला न्याहाळत होते. मग राखायच्या बाजूने हात मागितले. यूक वळले. बायकांची बाजू भिंतीपासून भिंतीपर्यंत हातांनी भरली होती. पहिल्याच ओळीत त्यांच्या स्वतःच्या बायकोचा हात होता.

"खाली घे," ते पुटपुटले.

"दुखतोय खरा," ती म्हणाली, "पण असू दे वर."

माल-सुनने जाऊन रांजण सरळ केला, घरून आणलेली तांदळाची पळी त्यात रिती केली आणि नळकांड्यावर हातोडी हाणली.

गिरणीचं अंगण रस्त्यात गेलं. रस्ता चर्चशी येऊन वाकडा झाला, तो अजून तसाच आहे. मासळीचे ट्रकवाले तिथे वेग कमी करताना शिव्या घालतात. नव्वदीची माल-सुन पायरीवर लसूण सोलत बसलेली असते.

"ए आजी, हे मध्येच कुणी बांधून ठेवलंय?"

"आम्ही," ती मान वर न करता सांगते. "भोंगा हळू वाजव. आत बायका बसल्यात."