शंभर मसाल्यांची पाटी

धुळ्यात येऊन मला दोनच महिने झाले होते. आठवीत शाळा सोडून कोकणातून आलेला मी, एका पेंटर नानांच्या हाताखाली पाट्या रंगवत होतो. अक्षर बरं होतं; बाकी सगळ्याची भीती. नाना जळगावला कामाला गेले आणि नेमक्या त्याच दिवशी देवपूरच्या एक अक्का दुकानात आल्या. इतकी वर्षं घरोघर मसाला विकून त्यांनी आता छोटा गाळा घेतला होता.

"पाटीवर लिही," त्या म्हणाल्या, "मसाला एक शे, पण घरना शे."

इकडे 'शे' म्हणजे 'आहे', हे मला ठाऊक नव्हतं. मी ऐकलं 'एकशे'. एवढ्याशा गाळ्यात शंभर मसाले राहतील कुठे, ही शंका आली. पण विचारलं, तर याला काही कळत नाही म्हणून नाना गावी परत धाडतील. न विचारताच डोकं लढवलं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं: 'शंभर मसाले, सगळे घरचे'. खाली बरण्यांच्या रांगा. काढायच्या होत्या शंभर, मावल्या सदतीस. गिऱ्हाईक मोजत बसत नाही, हा माझा धंद्याचा अभ्यास.

उद्घाटनाच्या सकाळी मी पाटी ठोकली तेव्हा अक्का आत पूजेला बसल्या होत्या. पहिल्या बाईंनी चहाचा मसाला मागितला, दुसरीने पावभाजीचा, तिसरीने लोणच्याचा. अक्का बाहेर आल्या. पाटी वाचली.

"मनाकडे एक काळा मसाला शे. बाकीना नव्याण्णव कोठे शेतस रे भो?"

मी चाचरत 'एकशे'चा खुलासा केला. बाया हसून ओट्यावरच बसल्या. अक्का हसल्या नाहीत.

"पहिलाच दिन, नि लोके माले खोटी समजतीन. बठ्ठं पुसी टाक."

मी शिडीवर चढलो आणि त्या बायांसमोर सगळी पाटी पिवळ्या रंगाने बुजवली. घाईघाईत मधली एक बरणी तेवढी सुटली. रंग सुकल्यावर तिच्या बाजूला लिहिलं: 'एकच मसाला. काळा. घरचा.'

संध्याकाळी नाना जळगावहून परतले आणि गाळ्यावर आले. रस्त्यापलीकडे जाऊन त्यांनी पाटी बघितली.

"एवढी मोकळी जागा सोडायचं तुला कसं सुचलं? नजर थेट बरणीवर जाते."

मी ब्रश धुवायला घेतला. काळ्या मसाल्याच्या पुड्या बांधता बांधता अक्काच म्हणाल्या, "मीच सांगं त्याले, बठ्ठं पुसी टाक."

त्यात खोटं काहीच नव्हतं. नानांनी मला ठेवून घेतलं.