उद्यामास्तर

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकं तोंडावर 'मास्तर' म्हणतात आणि पाठ वळली की 'उद्यामास्तर'. कपडा कधी मिळणार असं विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं: "उद्या." तो उद्या काही उजाडायचा नाही. मी शेजारी बसून काजं-बटणं करते, त्यामुळे बोलणी निम्मी माझ्याच वाट्याला.

एका सकाळी कापड बेतताना यांच्या हातातली कात्री सटकली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मला वाटलं, नुकत्याच भांडून गेलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल चाललीय. "पुरे हो," म्हटलं, तर खुर्चीवरून घसरलेच! मग दवाखाना, धावपळ. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकलीय. उजवा हात लुळा पडलाय, आणि बोलण्याची जागाही नेमकी तिथेच. यांना समजतं बरंच, पण शब्द सापडत नाहीत.

सगळे नाही हं हरवले. जरा सावरल्यावर मी विचारलं, "अहो, कसं वाटतंय?"

हे गंभीरपणे म्हणाले, "उद्या."

"पाणी देऊ?"

"उद्या."

"मी कोण?"

"उद्या!" आणि स्वतःच वैतागून कपाळाला हात लावला. रडावं की हसावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

दुकान मी बंद ठेवलं नाही. घरी आणल्यावर यांना यांच्या खुर्चीत बसवलं आणि मशीनवर मी बसले. गंमत म्हणजे कित्येकांना काही बदललंय हे कळलंच नाही.

"मास्तर, माझी पँट?"

"उद्या."

"अहो, मागच्या वेळीही हेच म्हणालात!"

"उद्या."

गिऱ्हाईक नेहमीसारखं तणतणत गेलं.

नणंदबाई भेटायला आल्या. तान्ह्या बाळाशी बोलावं तसं, तेही ओरडून, "दादा, मी कोऽण? ओळखलंस?" यांनी असे काही डोळे वटारले! मी म्हटलं, "वन्सं, यांचे शब्द गेलेत. कान जागेवर आहेत आणि अक्कलही."

बोलायचा सराव करून घ्यायला एक मुलगी येते. कंगवा, कप, मांजर अशी चित्रं दाखवते. हे तिन्हींना "उद्या". ती म्हणाली, "काकू, धीर धरा. दुसरा एक तरी शब्द निघाला ना, की पुढचे यायची आशा वाढेल. पण कुठला निघेल ते सांगता येत नाही."

मला कुठला हवा होता ते मी तिला सांगितलं नाही. "अगं." बस, एवढाच. लग्न झाल्यापासून यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं, सुई दे," "अगं, ऐकतेस का?" दिवसभर तीच कटकट. आता त्या एका हाकेसाठी मी जीव टाकत होते. मुद्दाम पाठमोरी बसायचे, म्हणजे हाक मारावी लागेल. हे मारायचे की हाक. "उद्या!"

परवा दुकानात कुणी नव्हतं. वरच्या फळीवरचा तागा काढायला मी हात उंचावला, तर मागून कुणीतरी माझा ड्रेस कमरेशी धरला. दचकून वळून बघते तर हे. टेबलाला रेलून उभे, डाव्या हाताच्या चिमटीत कापड, आणि कपाळावर ती जुनी आठी. दुसऱ्या शिंप्याने बिघडवलेला कपडा दुरुस्तीला आला की पडते ती. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"सै... सैल."

मी खाली पाहिलं. यांनीच माझ्या मापाने शिवलेला ड्रेस कमरेवर लोंबत होता. या सगळ्या धबडग्यात मी किती उतरले ते माझं मलाच दिसलं नव्हतं. यांना दिसलं. मला हुंदका आवरेना. आणि हे? यांनी आपल्या डाव्या हाताने टाचण्या टोचायला सुरुवातही केली. त्यातली एक थेट माझ्या कमरेत.

"आई गं! माणूस आहे हो आत!"

डोळे पुसत मी विचारलं, "बरं, आत घेऊन कधी देणार, मास्तर?"

हे हसले, तोंड वाकडंच, पण अगदी पूर्वीसारखे.

"उद्या," म्हणाले. आणि या वेळी यांना तेच म्हणायचं होतं.