वाघबिळाभोवतालचे दगड

गुंद गावाच्या वरच्या अंगाला आठ-दहा घरांची एक वाडी होती, आणि वाडीच्या डोक्यावर धवळा डोंगर. भोवतालचे डोंगर काळ्या-तांबड्या दगडाचे, गच्च रानाचे. धवळा तेवढा चुनखडीचा. त्याच्या माथ्यावर झाड धरत नसे. आखूड गवत, मधूनमधून वर आलेले पांढरे दगड, उघड्यावर घातलेली टिटवीची अंडी. सकाळी गवे वर चढून ते दगड चाटत. चाटून चाटून काही दगड शिंगासारखे गुळगुळीत झाले होते.

उमाजी त्या माथ्यावर चुना भाजायचा. जंगल तोडून, जाळून नाचणी पेरायची कुमरी सरकारनं बंद केली, तेव्हा त्याच्या बापानं कोयता ठेवून पहार धरली. बापामागं ती उमाजीकडं आली. काम सोपं नव्हतं. दगड पहारीनं सुटा करायचा, मग घणानं नारळाएवढा फोडायचा. मोठा राहिला तर आतून कच्चा राहतो. बारीक झाला तर फटी बुजतात आणि जाळ वर चढत नाही. भट्टीत लाकडाचा थर, दगडाचा थर, पुन्हा लाकडाचा. जाळ लागला की तिथून हलायचं नाही. निवल्यावर हाताला जी लागते ती कळी. हलकी, खणखणीत, आणि पाण्याला वैरी. थेंब पडला की फुटते.

माथ्याच्या मधोमध वाघबीळ होतं. बैल उभा आत जाईल एवढं तोंड आणि खाली अंधार. तिन्हीसांजेला त्यातून वटवाघळं निघत. माथ्यावरचा ओहोळ वाहत येऊन त्या बिळात शिरे, आणि पुन्हा कुठं दिसत नसे. बिळाच्या तोंडाभोवती कमरेएवढे दगड गोल उभे केलेले होते, एकाला एक खेटून. ओहोळापुरती काय ती फट. कुणी उभे केले, ठाऊक नव्हतं. म्हातारे सांगत, आपण गोव्याकडून इथं यायच्या आधी दुसरी माणसं होती, त्यांच्या मेलेल्यांचे ते दगड. त्या माणसांची काळी-तांबडी खापरं गवतात सापडत. एकदा घासून धार काढलेला तळहाताएवढा दगड सापडला होता. उमाजीची बायको रुक्मा त्यानं फणसाच्या आठळ्या फोडायची.

“त्या दगडास्नी हात लावू नगं,” बाप म्हणायचा. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

बाप गेल्यावर उमाजीनं हात लावला. त्याचा हिशेब साधा होता. खाणीत असला एक दगड उपटायला पहारीवर अर्धा दिवस लोंबकळावं लागतं. हे दगड सुटे, स्वच्छ, भट्टीपासून हाकेवर. दर हंगामाला दोन-तीन भट्टीत गेले. बिळाची एक बाजू पार उघडी पडली. पुढच्याच पावसाळ्यात त्या बाजूनं गव्याचं पाडस आत पडलं. गवी त्या तोंडाशी उभी राहून आत बघत होती, माणूस जवळ गेला तरी हलली नाही. त्या महिन्यात वाडीच्या झऱ्याला वास आला. पाला कुजला असेल, लोक म्हणाले.

झरा धवळ्याच्या पायथ्याला होता. चैतातही न आटणारा. सगळी वाडी त्यावर. झऱ्याला लागून सुंदरीची खोप होती. सुंदरी नवरा नसलेली, सुईणपण करणारी बाई. वाडीतलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या हातावर आलेलं.

पुढं एका वर्षी दिवाळीनंतर उमाजीनं पहिली भट्टी उघडली. कळी बाहेर काढून ढीग केला आणि अवेळी पाऊस कोसळला. झाकायला घातलेलं गवत उडून गेलं. ढिगातून वाफा निघाल्या, दगड तडतडले, आणि बघता बघता सगळ्याचा पांढरा चिखल झाला. खाली नदीवर पूल बांधणाऱ्या मुकादमाला कळी हवी होती; चिखल त्याच्या कामाचा नव्हता. भट्टी पुन्हा भरायची तर आधी जागा मोकळी करायला हवी होती.

“उताराखालच्या खड्ड्यात नेऊन टाकू,” रुक्मा म्हणाली. “बुट्टी-बुट्टीनं हुईल.”

“तुझ्या बापाची माणसं येणार हायेत का न्ह्यायला?”

“माझा बाप न्हाई, मी हाय की. दोन हात हायेत.”

“दोन हातांनी शिमगा येईल. हितंच बीळ हाय. लोटून दिऊ.”

रुक्मानं फावडं उचललं. उघड्या बाजूनं दोघांनी फावड्यानं लोटलं. दिवस मावळायच्या आत जागा साफ झाली. एवढ्या कामाला इतका कमी घाम उमाजीनं आजवर गाळला नव्हता.

दोन दिवसांनी झरा दुधासारखा आला.

बारके मासे पोट वर करून काठाला लागले. खेकडे पाण्यातून निघून दगडावर बसले. वाडीचा म्होरक्या असलेल्या झिलू गावकाराच्या म्हशीच्या तोंडाला फोड आले, भांडी घासणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघाली. रुक्माचीही. उमाजीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. ही जळजळ त्याच्या जिभेला जन्मापासून ठाऊक होती. पाडसाच्या वर्षीचा तो वासही त्याला आठवला.

तो बोलला नाही. बोलावं तर भट्टी जाणार. आठवड्यात निवळेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पण लोकांना आठवडा थांबायचं नव्हतं. झऱ्याजवळ कोण राहतं? सुंदरी. बाळंतिणीची लुगडी कोण धुतं? सुंदरी. गावकाराच्या अंगणात वाडी जमली. सुंदरी कडेला उभी होती.

“लुगडी मी झऱ्याच्या खालच्या वळणावर धुती,” ती म्हणाली. “जल्मभर तितंच धुतली.”

“मग म्हशीनं काय सोताहून तोंड भाजून घेतलं?” गुणा म्हणाला. हा गावकाराचा पुतण्या; जिभेला हाड नसलेला.

“गुण्या, तुझी नाळ मी कापली. त्याच टायमाला जीभ बी कापाय हवी हुती.”

काही हसले. झिलू हसला नाही. म्हातारा सरळ होता, पण भ्यालेला होता. “सुंदरे, झऱ्याला तू हात लावायचा न्हाई. खोप नदीपल्याड ने. येत्या बाजाराच्या आत.”

नदीपल्याड रान होतं, आणि वाघ. एकटी बाई. कोणी वर बघितलं नाही. रुक्मानं मात्र आपली सोललेली बोटं पदराबाहेर काढून नवऱ्यासमोर धरली.

उमाजी उठला. “तिचं काय न्हाई त्यात. चुना माझा हाय. वाघबिळात लोटलाय मी.”

सगळ्या माना उमाजीकडं वळल्या. मग गुणा खिदळला. “वाघबीळ ऱ्हायलं वर आभाळात. दगडातनं पानी चालत येतंय व्हय, काठी टेकीत?”

“ओहोळ आत जातोय. कुठंतरी निघंलच की.”

“उमाजी,” झिलू सावकाश म्हणाला, “बाईची दया आली, चांगलं हाय. पर वाडीपुढं खोटं नगं.”

“कोंडा टाकतो बिळात. झऱ्याला निघाला तर मानशील?”

“कोंडा कुणाच्याबी घरात हाय. तूच जाऊन झऱ्यात टाकशील,” गुणा म्हणाला.

झिलूनं मळलेली तंबाखू दाढेखाली धरली. त्या साली त्याच्या एकट्याच्या शेतात काळ्या टरफलाचं भात होतं. बियाणं सासुरवाडीहून आणलेलं, दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. “माझा कोंडा घे,” तो म्हणाला. “मी बिळाशी येतो. गुणा झऱ्याशी बसंल. उद्या दिवसभर वाट बघू. न्हाई निघाला तर मी बोललो तेच खरं.”

सकाळी ते कोंड्याचं पोतं घेऊन चढले. ओहोळ बारीक झाला होता, घोट्याएवढा. झिलूनं स्वतःच्या हातानं पोतं रिकामं केलं. काळा कोंडा पाण्यावर फिरला, चुन्याच्या पांढऱ्या लगद्यावर चढला आणि अंधारात गेला. झिलूनं उघड्या बाजूकडं बघितलं.

“हितले दगड?”

“भाजले,” उमाजी म्हणाला.

झिलू गुडघे धरून खाली उतरला.

उमाजी झऱ्याशी येऊन बसला. गुणा दगडावर टेकून होता. पलीकडं सुंदरी, शेजारी गाठोडं बांधलेलं. दुपार झाली. डोक्यावरून ककणेर पक्ष्यांची जोडी करवतीसारखा पंखांचा आवाज करत गेली. झरा पांढराच येत होता, बाकी काही नाही.

“तुझा कोंडा वाटंत जेवाय बसला जणू,” गुणा म्हणाला.

उन्हं कलली. उमाजी वाकून वाकून पाण्याकडं बघत होता. कोंडा चुन्यात अडकला असेल, असं त्याला वाटलं. तोच चुना, तोच अडसर. गुणा अंग झाडत उठला.

“चला. झालं बघून.”

“बस खाली,” सुंदरी म्हणाली. ती पाण्यात उतरली होती. झऱ्याच्या तोंडाशी ओंजळ धरून उभी राहिली, पोटऱ्यांना चुना झोंबत होता तरी. बऱ्याच वेळानं तिनं ओंजळ गुणाच्या नाकाखाली धरली. पांढऱ्या पाण्यात काळी टरफलं. चार-पाच. मग झऱ्याच्या तोंडातून काळं दाट यायला लागलं, मुंग्यांची रांग यावी तसं.

गुणानं एक टरफल नखावर घेतलं, बघितलं, आणि गावकाराच्या घराकडं पळत सुटला.

झिलू आला. वाडी आली. “सुंदरे,” तो म्हणाला, “गाठोडं सोड. चूक झाली.”

“व्हय, झाली,” सुंदरी म्हणाली. उमाजीकडं वळली. “पानी पांढरं आलं त्याच दिशी तुला कळालं हुतं?”

“व्हय.”

“मग मी गाठोडं बांधुस्तवर का थांबलास?”

तिनं वाट बघितली, मग गाठोडं उचलून खोपीत गेली.

चुना काढायला बिळात उमाजीला एकट्याला उतरावं लागलं. वाडीनं तसं ठरवलं, आणि ते बरोबर होतं. कमरेला दोर, अंगाला करंजाचं तेल. खाली चुना लोण्यासारखा चिकट आणि बुट्टीत मातीच्या दुप्पट जड. बुट्टी भरायची, दोर हलवायचा, वर रुक्मानं ओढायची. मग तो वर येऊन ती डोक्यावर घेई आणि उताराखालच्या खड्ड्यात नेऊन टाकी, जिथं पहिल्या दिवशी न्यायला हवी होती तिथं. लोटायला अर्धा दिवस लागला होता. काढायला सगळा हिवाळा गेला. डोळे सुजत, पाठीची कातडी निघे. वटवाघळं दुसरीकडं गेली. मुकादमाच्या गाड्या येऊन रिकाम्या परतल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत.

नंतर दगड. जुने तर पुलाच्या खांबांत गेले होते, ते आता कुठून आणणार? त्यानं खाणीतून नवे उपटले, दर दगडाला अर्धा दिवस. कमरेएवढे, खेटून. ओहोळापुरती फट ठेवली. जुने दगड शेवाळानं काळवंडलेले, हे पांढरेफेक. लांबूनही शिवण दिसायची.

शिमग्यापर्यंत पाणी निवळलं. मासे मात्र आले नाहीत. पुढच्या पावसातही नाही.

उमाजी दुसऱ्यांच्या शेतात राबू लागला. पाण्याला तो स्वतः जाई, कारण रुक्माच्या बोटांना अजून पाणी सोसत नव्हतं. सुंदरी झऱ्यावर असली तर तो वाटेच्या वरच्या वळणावर घागर टेकवून उभा राही. ती आपली घागर सावकाश भरायची, एकदा विसळून, पुन्हा भरून. त्याच्याकडं बघायची नाही. ती खोपीत शिरल्यावरच तो खाली उतरायचा.