ग्रहणात चिरलेली मेथी

बीडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "लग्न नात्यातलं आहे का?" मी म्हणाले, हो, माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मांडीवर सात महिन्यांचा विराज, पांढराफटक, माझी बांगडी चोखत होता. "बीटा थॅलेसेमिया मेजर," ते म्हणाले. म्हणजे शरीराला नीट रक्त बनवताच येत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं.

तोवर आम्ही त्याला लोहाचे थेंब पाजत होतो. ते त्यांनी लगेच बंद केले, कारण या आजारात लोह अंगात साचत जातं. तुमचंही बाळ पांढरं पडत असेल तर आधी तपासणी करून घ्या.

तेलगावला घरी आल्यावर आत्याने निकाल लावून टाकला. "म्या म्हणलं न्हवतं का, गिऱ्हाणात विळीला हात लावू नको?" पोटुशी असताना ग्रहणात मी मेथी चिरली होती, हे खरं. चार दिवसांनी दुसरं कारण निघालं. "तुज्या आईकडलं रगात असंल. आमच्यात न्हाई असलं काई." मला लई राग आला. त्याहून वाईट म्हणजे मेथीचं मला थोडं खरंही वाटत होतं. शिलाई मशीनवर बसलं की शिवण वाकडी जायची.

पुढच्या वेळी रक्त चढत असताना मी डॉक्टरांना मेथीचं विचारलंच. ते हसले नाहीत. मी ब्लाऊज शिवते हे त्यांना माहीत होतं. "मापाच्या ब्लाऊजवरून दुसरा कापताना कधी रेघ सरकते ना? जीनची नक्कल होतानाही सरकते. तेच म्यूटेशन. तुमच्या घराण्यात ती कैक पिढ्यांपूर्वी सरकलीय. त्यात मेथीचा संबंध नाही आणि पापाचाही नाही."

मग इतकी वर्षं टिकली कशी, मी विचारलं.

"बिघडलेली प्रत एकाच बाजूने आली तर माणूस धडधाकट असतो. तो कॅरिअर. मलेरियात अशी माणसं जरा जास्त तगली. पण मलेरियापासून वाचवायला हा बदल झाला नव्हता. बदल आपोआप झाला, कामी आला म्हणून उरला. दोन्ही बाजूंनी तीच प्रत आली की विराजसारखं होतं."

मग घरच्या सगळ्यांची इलेक्ट्रोफोरेसिस झाली, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणं. मी आणि नवरा दोघंही कॅरिअर, म्हणजे आमच्या बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक, डॉक्टर म्हणाले. माझ्या आईत काहीच नाही. वडील आणि आत्या, हे भाऊबहीण, दोघंही कॅरिअर.

आत्याने ताट बाजूला सारलं. "मंग म्याच दिलं का गं लेकराला?" उट्टं काढायची संधी होती, पण ती चुलीपुढे एवढीशी होऊन बसली होती. मी म्हणाले, "तुला तरी कुणी इचारून दिलतं का?"

मग मला पुन्हा दिवस गेले. आत्याचा हिशेब तयार. "चारात एक म्हणले ना डॉक्टर? ते तर झालं. आता तीन चांगले." नवऱ्याला पटलं, आणि मलाही पटवून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांचे कान उपटले. प्रत्येक वेळी दान नव्याने पडतं, आधीच्या बाळामुळे पुढचं सुटत नाही.

तिसऱ्या महिन्यात संभाजीनगरला सीव्हीएस केली, सुईने वारेचा बारीक तुकडा काढून तपासतात ती. मेजर निघालं तर काय, हे आम्ही दोघं एकदाच बोललो होतो. नंतर तो विषय घरात फिरत राहिला आणि आम्ही त्याला बगल देत राहिलो. मी शिवलेलं उसवत होते, पुन्हा शिवत होते. गिऱ्हाइकं भांडून गेली. फोन वाजला की धावायचे, आणि तो मोबाइल कंपनीचा निघायचा.

शेवटी रिपोर्ट आला. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसतं कॅरिअर.

"म्हंजी आपल्यावानीच?" आत्याने विचारलं.

"आपल्यावानीच." ती पदराआड रडली, मी उघड रडले.

विराजला रक्त चढवणं चालूच आहे. ज्यांचं ते रक्त, त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, पण लेकराच्या गालावर रंग आला की हात आपोआप जोडले जातात. सोयरीक नात्यात करा की परक्यात, लग्नाआधी कॅरिअरची रक्ततपासणी तेवढी करा.

परवा ग्रहण होतं. मला सातवा लागलाय. भूक लागलेली, आणि मी कोपऱ्यात हात आवरून बसलेली. आत्या उठली, मेथीची जुडी आणि विळी माझ्यापुढे सरकवली. "चीर. उपाशी कशापायी बसलीस?"

आधी मीच विळी मागे सारली. मग चिरली.