इंगळाईच्या घरातली सोंगटी

कातळवाडीत कुणाचंही पत्र आलं की ते फुटायचं अंजनाच्या हातानं. वाडी पाटणच्या वर, डोंगराला चिकटलेली, साठ-एक उंबऱ्यांची. त्यातल्या निम्म्या घरांतला एकेक गडी पलटणीत. बायकांत सातवी पास झालेली ही एकटीच. बाप महाबळेश्वरला हॉटेलात आचारी होता. पावसानं चार महिने हॉटेलाला कुलूप लागलं की तो घरी यायचा आणि दुसरं काम नाही म्हणून पोरीचा अभ्यास घेत बसायचा. त्याचा उपयोग असा सासरच्या सगळ्या वाडीला झाला.

पत्र वाचायची तिची एक तऱ्हा होती. आधी सगळं मनात वाचून काढायची, मग मोठ्यानं. तेवढा वेळ पत्राची मालकीण तिच्या तोंडाकडं बघत श्वास धरून बसायची. केरबाची बायको शालूबाई एकदा वैतागून म्हणाली होती, "आगं, चांगलं असंल तर आधी हास तरी. आमचा जीव टांगून काय वाचतीस?" तेव्हापासून चांगलं पत्र असलं की अंजना पहिल्या ओळीलाच हसायला शिकली. एरवी ती फार हसणारी नव्हे. भित्री होती. चुलीतला विस्तव झाकला का, हे तीनदा बघणारी. नवरा रजेवरून परत निघाला की एसटीची धूळ खाली बसेस्तोवर फाट्यावरून न हलणारी.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात, लढाईच्या दिवसांत, तिनं असं हसत हसत सगळ्या आळीची पत्रं वाचली. तिचं स्वतःचं पत्र त्यात एकही नव्हतं.

नवऱ्याचं, कृष्णातचं, शेवटचं पत्र होतं चोवीस नोव्हेंबरचं. त्यात खुशालीच्या दोन ओळी आणि बाकी सगळं सोंगटीबद्दल.

कृष्णातची आई लीलाबाई. तिच्या माहेराहून एक कापडी पट या घरात आला होता. दोऱ्यानं टिपलेली नागमोडी वाट, त्या वाटेवर घरं, आणि मधे मधे सात बायांची सात मोठी घरं. पाण्याची बाई, वाऱ्याची, दाण्याची, वारुळाची, अशा. सहा कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढी घरं सोंगटी पुढं न्यायची. सोंगटी एखाद्या बाईच्या घरात थांबली तर तिची गोष्ट सांगायची. सांगितल्याशिवाय पुढं कवड्या टाकायच्या नाहीत. सहाजणींच्या गोष्टी पोरासोरांनाही पाठ होत्या. सातवी इंगळाई, विस्तवाची बाई. तिची गोष्ट निम्मीच उरली होती. एका साली पाऊस थांबेना, खोऱ्यातली एकूण एक चूल विझली, तेव्हा इंगळाई उरलासुरला एक निखारा ओंजळीत घेऊन डोंगर चढून पलीकडं गेली. पुढं काय झालं, कुणाला ठाऊक नव्हतं. पोचली, की वाटेत भिजून विझली, की तिकडंच कुणाच्या चुलीत राहिली. तिला देऊळ नव्हतं, जत्रा नव्हती, तिच्या नावानं कुणी नारळ फोडत नव्हतं. ती होती फक्त या पटावर, आणि तिथंही अर्धी. म्हणून तिच्या घरात कुणी अडकला की "झाडा रं पट" म्हणायचं, कवड्या गोळा करायच्या आणि नवा डाव मांडायचा. रीतच पडून गेली होती तशी.

मे महिन्यातल्या रजेत कृष्णातनं बायकोला हा खेळ शिकवला. रजा संपली तेव्हा डाव अर्धाच होता. त्यानं सहा कवड्या घरात ठेवल्या, सहा रुमालात बांधून नेल्या आणि डाव पत्रांतनं चालू ठेवला. तिकडं तो कवड्या टाकून आकडा लिहायचा, इकडं अंजना त्याची सोंगटी सरकवायची आणि आपला आकडा कळवायची. पट माजघराच्या कोपऱ्यात पसरलेला असे आणि त्यावर डालगं पालथं घातलेलं. कोंबड्या मोकाट आणि डालग्याखाली फडकं, हे बघून लीलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आमच्या घरातली माणसं डोक्यावर पडल्यात.

नोव्हेंबरात त्याचा आकडा आला चार. चौथं घर नेमकं इंगळाईचं. अंजनानं लिहिलं, गोष्ट सांगा, न्हाईतर पट झाडते. त्याचं उत्तर आलं ते हे चोवीस तारखेचं. पट झाडायचा नाही, गोष्ट हुडकून कळवतो, तोवर सोंगटी तिथंच राहू दे.

नंतर लढाई लागली.

लढाई संपल्याचं सिकंदर शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओनं सांगितलं तेव्हा वाडीनं गूळ वाटला. अंजनानंही तोंडात टाकला आणि घरी येऊन कोपऱ्यातल्या डालग्याकडं बघत बसली. त्याखाली कृष्णातची सोंगटी होती. लाकडाची, डोक्याला लाल रंग लावलेली, करंगळीच्या पेराएवढी. लढाई संपली तरी ती जिथली तिथं. आपण काय विचार करतोय हे तिला कळत होतं. लाकडाच्या तुकड्याचा आणि माणसाचा काय संबंध, असं ती स्वतःलाच समजावायची, आणि पाणी आणायला गेली की अर्ध्या वाटेवरून परत येऊन डालगं जागेवर आहे ना, ते बघायची. पट झाडावा तर त्यानं झाडू नको म्हटलेलं. सोंगटी हलवावी तर गोष्ट नाही. हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच तिला सोसेना.

पोस्टमन जोतिबा सोमवारी आणि गुरुवारी यायचा. तिच्या दारावरनं जाताना तो सायकलीची घंटी वाजवेनासा झाला होता.

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी ती शेण टाकून घरात आली, तर लीलाबाई डालगं उचलून पटाशी उकिडवी बसलेली. सून दिसताच तिनं डालगं खाली ठेवलं.

"हलली न्हाई न्हवं ती?" लीलाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"वाऱ्यानं हालतंय हे. दगूड ठेव वर."

अंजनानं दगड आणून ठेवला. मग सासू, कुणावर तरी उपकार केल्यासारखी, बोलली. गोष्ट घरच्या माणसानं सांगितली तरी चालते. गडी परगावी असला तर त्याच्या वाटच्या कवड्या घरातल्या वडील माणसानं टाकायच्या. हे सगळं तिच्या आईच्या वेळेपासूनचं. पण गोष्ट तिला येत नव्हती. आई सांगायला बसली की ही धाकटी, पाण्याच्या बाईपर्यंतच झोपून जायची.

"थोरलीला ठावं असंल. मनूला," ती म्हणाली. "जाऊन ये. मी म्हनलं म्हनून सांगू नको."

थोरली बहीण मनूबाई सांगलीजवळ हरिपूरला, हळदीच्या कामावर. अंजनानं एवढा प्रवास कधी एकटीनं केला नव्हता. पाटणहून कऱ्हाड, कऱ्हाडहून सांगली. कऱ्हाडच्या स्टँडवर तिनं तीन वेगवेगळ्या माणसांना एकच गाडी विचारली. तिसरा म्हणाला, बाई, पाटी वाचता येते ना तुम्हाला. येत होती. पण त्या दिवशी कशावरच विश्वास बसत नव्हता.

हरिपूरला पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेल्या कोठ्या, वरून माणूस उतरेल एवढंच तोंड. त्यांत हळद भरून वरून लिंपून टाकतात. अंजना पोचली तेव्हा एक पेव नुकतं उघडलं होतं. बाजूला बायका पोती झटकत होत्या. मनूबाईनं तिला बघितलं आणि हातातलं पोतं सोडून दिलं.

"कृष्णाचं काय कळलं?"

"कायच न्हाई कळलं, मावशी."

हे ऐकून मनूबाईनं देवाचं नाव घेतलं, मग घोटभर चहा आणून दिला, मग एवढ्या लांब कशाला आलीस ते विचारलं. अंजनानं सांगितलं. इंगळाईची पुढची गोष्ट मनूबाईलाही ठाऊक नव्हती. आई तिथवर आली की थांबायची, चूल सारखी करायला उठायची. पोरींनी कधी विचारलं नाही. झालं एवढंच.

अंजना तिथंच बसून राहिली. परतीच्या गाडीला वेळ होता आणि जायचं तर रिकाम्या हातानं.

तेवढ्यात गुंडा नावाच्या मुकादमानं पेटता कंदील दोरीला बांधून पेवात सोडला. हात-दोन हात, मग आणखी. आणि उजेड गेला. गुंडानं विझलेला कंदील वर ओढून घेतला, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, आणि माणसं बिड्या पेटवून बाजूला बसली.

"आत वारा कोंडलेला असतोय," मनूबाई म्हणाली. "दिवा ऱ्हायला तर मानूस उतरायचा. न्हाई ऱ्हायला तर थांबायचं. घटकाभरानं पुन्ना सोडत्यात."

अंजनाचा रंग उतरलेला तिनं बघितला असणार. कारण ती एकदम सांगायलाच लागली. इंगळाई डोंगर उतरून पलीकडं गेली. तिकडं एक भुयार होतं. गडीमाणसं आत गेलेली, परत आलेली नव्हती, आणि मागनं जायला कुणी धजत नव्हतं. मग इंगळाई म्हणाली, आधी मी जाते. निखारा हातात घेऊन ती खाली खाली गेली. वर माणसं वाकून बघत राहिली.

"मग?"

मनूबाई अडली. तिकडं गुंडा पुन्हा कंदील पेटवत होता. अंजनानं ते पाहिलं आणि पेवाकडं पाठ फिरवून बसली.

"मावशी, लवकर सांगा," ती म्हणाली. "त्यो दिवा वर यायच्या आत सांगा."

"हाय की. जळती हाय," मनूबाई घाईनं म्हणाली. "खाली हाय, पर जळती हाय. वरनं दिसतोय उजेड. संपली गोष्ट."

"ही तुमी आत्ता रचली न्हवं?"

"आता रचली, मग काय झालं? सांगितली ना? जा, गाडी चुकंल."

अंजना उठली आणि मागं न बघता रस्त्याला लागली. दोरी वर आली तेव्हा कंदील कसा होता, हे तिनं बघितलं नाही. कुणी बोललेलं ऐकू येऊ नये म्हणून ती जवळजवळ पळत होती.

घरी आल्यावर हातपाय धुऊन तिनं दगड उतरवला, डालगं उचललं आणि सासूपुढं गोष्ट सांगायला बसली. भुयारापाशी आली आणि जीभ अडली. ज्या बाईचा लेक कुठं आहे हे ठाऊक नाही, तिच्यापुढं गेलेली माणसं परत आली नाहीत, हे कसं उच्चारायचं? तिनं भुयार गाळलं. इंगळाई डोंगर उतरली, पहिल्या घराशी गेली, चूल पेटवली, तिथून घरोघर विस्तव गेला. झालं.

लीलाबाईनं विचारलं, "मनूनं सांगितली ही? तिला येवढं सरळ कवा सांगता येतंय?"

"थोडं इकडंतिकडं झालं आसंल."

"आसू दे."

लीलाबाईनं कवड्या हातात घेतल्या. इतके महिने ज्या खेळाला नावं ठेवली त्यासाठी तिनं डोईवरचा पदर नीट केला. एक कवडी पटाबाहेर गेली. ती मोजायची की नाही यावर सासू-सुनेत बोलाचाली झाली. शेवटी मोजायची ठरली. पाच. अंजनानं लाल डोक्याची सोंगटी उचलली आणि एक एक घर तोंडानं मोजत इंगळाईच्या घरातून बाहेर, पाचव्या घरावर नेऊन ठेवली. दोघींनाही त्या रात्री झोप लागली. किती दिवसांनी.

पत्र आलं संक्रांतीच्या आदल्या दिवशी. जोतिबानं लांबूनच घंटी वाजवली. पत्त्यात तालुका नव्हता म्हणून पत्र दोन-तीन पोस्टं फिरून आलं होतं, त्यावर शिक्क्यांवर शिक्के. अंजनानं ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. अक्षर कृष्णातचं नव्हतं.

लीलाबाई समोर येऊन बसली. अंजनानं मनात वाचून काढलं आणि मग मोठ्यानं वाचलं. पाठवणाऱ्याच्या जागी लष्करी इस्पितळाचं नाव होतं आणि तारीख वीस डिसेंबर. ‘मी ठीक आहे. हाताला लागले आहे म्हणून शेजारचा जवान लिहून देत आहे. काळजी नसावी. पट झाडू नये. माझी सोंगटी आहे तिथेच ठेवावी, हलवू नये. इंगळाईची गोष्ट इथे एका म्हाताऱ्या सुभेदाराकडून मिळाली. पत्रात मावणार नाही. आल्यावर सांगतो.’

"पुन्ना वाच," लीलाबाई म्हणाली. अंजनानं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. सासूनं डोळे पुसले, देवाला साखर ठेवली. जिवंत होता. वीस डिसेंबरला तरी होता. आज तेरा जानेवारी.

मग दोघींचं लक्ष एकाच वेळी कोपऱ्याकडं गेलं.

"मागं ठेव ती," लीलाबाई म्हणाली. "त्येचा डाव हाय. त्येनं लिवलंय."

"मी न्हाई ठेवायची."

"आगं, पर त्येला काय सांगायचं?"

"आत्याबाई, तुमी ठेवा मग. तुमच्या हातानं ठेवा तिला परत त्या घरात."

लीलाबाईनं डालगं उचललं. सोंगटीला दोन बोटं लावली. तशीच थांबली. मग डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला उठून गेली.

अंजनानं आंतर्देशीय पत्र काढलं आणि उत्तर लिहायला घेतलं. खुशाली लिहिली. मनूमावशीला भेटून आल्याचं लिहिलं नाही. पट झाडलेला नाही, हे लिहिलं. पुन्हा टाक दौतीत बुडवला. मग तिनं लिहिलं, सोंगटी हाय तिथंच हाय, आणि सासूला वाचून दाखवलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याला लिहिलेलं हे तिचं पहिलं खोटं.

"आस्सं," लीलाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. पिठाचे हात तसेच वर धरलेले होते. "आन् कंचा हात, ते इचार. किती लागलंय, ते बी."

पत्रात जागा उरली नव्हती. अंजनानं कागद आडवा धरला आणि कडेच्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं, हात उजवा की डावा ते कळवा. उत्तर स्वतःच्या हातानं लिहा.