रडलं की थांबणारा पाळणा

माझा आवाज मोठा आहे असं एका कंपनीने मला लेखी कळवलं होतं. त्याला आता काही वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही.

मी मुळात मासे विकणारी. मालवणच्या बाजारात पाटी घेऊन बसायचे तेव्हा माझं गिऱ्हाईक शेजारणीच्या सुरमईकडे वळू नये म्हणून जो आवाज काढावा लागायचा, त्या आवाजावर मी तोंडवलीत घर बांधलं. त्याच आवाजावर पुढे खानावळ घातली आणि पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. कुणाच्या मेहेरबानीने काही झालेलं नाही. त्यामुळे माझ्या आवाजाला कुणी नाव ठेवलं की मला ते माझ्या घराच्या पायाला लाथ मारल्यासारखं वाटतं.

माझी मुलगी झाली तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. त्या साली वाडीत बऱ्याच घरांत पाळणे हलले. मालवणच्या एका दुकानात नव्या तऱ्हेचा विजेचा पाळणा आला होता. ‘बाळ रडलं की आपोआप झुलतो, गाणंही म्हणतो,’ असं खोक्यावर छापलेलं होतं. एकटीने जाऊन एक घेणं हा मूर्खपणा. मी वाडीतल्या सगळ्या बाळंतिणींना गोळा केलं आणि दुकानात शिरले.

‘‘वयनी, ह्या भावात माका कायच उरणा नाय,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘उरणा नाय तर दुकान कित्याक उघडलंस? देवाक दान करूक?’’

‘‘तुमी बाकीच्यांका भायर उभी करा, मगे बोलूया.’’

‘‘बाकीची भायर गेली तर थेट घराक जातली. बोल.’’

शेवटी त्याने कपाळाला हात लावला आणि भाव सोडला. आम्ही पाळण्यांची खोकी टेम्पोवर रचून, वरात काढावी तशी वाडीत आलो. त्या दिवशी माझ्याएवढी शहाणी बाई किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

दुपारी मी मुलीला पाळण्यात घातलं. ती गप्प पडून माडाच्या झावळ्या बघत होती. पाळणा सुरू झाला आणि इंग्रजी गाणं म्हणायला लागला. मुलगी दचकून रडू लागली. पाळणा थांबला. ती रडून रडून दमली, डोळे मिटायला लागली, तोच पाळणा पुन्हा सुरू. ती पुन्हा जागी, पुन्हा रडणं, आणि पाळणा पुन्हा ढिम्म.

म्हणजे पोर गप्प असलं की हा झुलायचा आणि रडलं की थांबायचा. घराघरात हेच. पहाटे एक कोंबडा आरवला की दुसरा उत्तर देतो, तसं वाडीत भर दुपारी एका घरात गाणं, दुसऱ्या घरात रडणं, मग त्या घरात गाणं आणि या घरात रडणं सुरू झालं. माझ्या खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांनी विचारलं, इथे काही उत्सव आहे का.

दुकानदाराने हात वर केले. ‘‘कंपनीक लिवा,’’ म्हणाला. आणि वाडीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण सगळ्यांनी माझ्या शब्दावर घेतला होता.

‘‘पाळणो सवाय गावलो गो बाय,’’ शेजारीण विहिरीवर मला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘आता झोप म्हाग झाली.’’

मी दुसऱ्याच दिवशी कुडाळच्या एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, ‘‘एकेकट्याने नको. सगळ्या आईबापांची मिळून एकच तक्रार ग्राहक आयोगात करू. जो निकाल लागेल तो सगळ्यांना लागू.’’ शिरोड्याच्या एका जोडप्यानेही तोच पाळणा घेतला होता, तेही येऊन मिळाले. तक्रारदार क्रमांक एक अर्थातच मी.

कंपनीचं उत्तर आलं ते जाड, गुळगुळीत कागदावर. माझ्या नवऱ्याने ते वाचून दाखवलं. तो फार हळू बोलतो, लग्न झाल्यापासून. ‘‘पाळण्यात कोणताही दोष नाही. तो सामान्य घरगुती आवाजासाठी तयार केलेला आहे. तक्रारदार महिला किनारपट्टीवर राहणाऱ्या असून त्यांच्या मोठ्याने बोलण्यामुळे यंत्राचा गोंधळ होतो.’’

मी त्यावर जे बोलले ते म्हणे खाडीपलीकडे ऐकू गेलं.

‘‘वायच हळू,’’ नवरा म्हणाला. ‘‘कंपनीक आयकाक जायत.’’

त्या क्षणापासून मला पाळण्याचे पैसे दुय्यम झाले. दोष पाळण्यात आहे, बायांत नाही, हे त्या कंपनीने सगळ्यांसमोर तोंडाने कबूल करायला हवं होतं. नाहीतर वाडीत मी कुणाला तोंड दाखवणार?

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला होती. आमच्या वकिलांनी बजावलं, ‘‘आज कुणीही आवाज चढवायचा नाही. त्यांना तेच हवं आहे. विशेषतः तुम्ही.’’

निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणं घालणारे वाडीतले म्हातारबाबा स्वतःही तक्रारदार होते, कारण मुलगा बोटीवर असल्याने नातवाचा पाळणा त्यांच्या नावावर होता. ते पुढे उभे राहून एकेक मागणं देवापुढे मांडतात आणि बाकीच्यांनी त्याला होकार द्यायचा असतो.

‘‘बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा पाळण्यापायी ओरोसाक चलली आसत.’’

‘‘होय म्हाराजा!’’

‘‘तेंच्या तोंडाक आज लगाम घाल.’’

‘‘होय म्हाराजा!’’

‘‘आणि खास करून हिच्या.’’

या वेळचा होकार सगळ्यांत मोठा होता.

टेम्पोत माझा पाळणा पुराव्यासाठी घेतला होता. वाटेत आम्ही कुजबुजायची सवय केली. कसालला मी पोरांसाठी केळी घ्यायला उतरले आणि कुजबुजत भाव केला. केळीवाली कानाला हात लावून ‘‘काय? काय?’’ करत राहिली. शेवटी तिने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि मी तिने सांगितलेला भाव देऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा. हाही हिशेब मी कंपनीच्या नावावर मांडून ठेवला.

आयोगाच्या दालनात अध्यक्ष मॅडम पुढे बसल्या होत्या. कंपनीचे वकील मुंबईहून आलेले, आवाज लोण्यासारखा. मॅडम म्हणाल्या, ‘‘पाळणा लावून दाखवा.’’ शिपायाने तो जोडला. आता रडणारं मूल हवं होतं, पण आमची सगळी पोरं गाढ झोपली होती. पाळण्याला जे जमलं नाही ते कसालच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी करून दाखवलं होतं. दालनात शांतता होती, त्यामुळे रिकामा पाळणा आनंदाने झुलू लागला आणि गाऊ लागला.

‘‘बंद करा,’’ मॅडम म्हणाल्या. शिपायाने बटण दाबलं, मग पिन काढली. पाळण्यात बॅटरी होती. तो गातच राहिला.

‘‘पाहा, किती छान चालतो,’’ कंपनीचे वकील म्हणाले. ‘‘तरीही आमचे अशील तडजोडीला तयार आहेत.’’ ते आमच्याकडे वळले, हात जोडले आणि कागद वाचू लागले. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज उंचावून थांबायची त्यांची पद्धत होती. ‘‘कंपनीला सर्व माता-पित्यांबद्दल आदर आहे.’’

म्हातारबाबांचा जन्म गाऱ्हाणं घालण्यात आणि त्याला होकार देण्यात गेला होता. समोर माणूस हात जोडून उभा, एकेक ओळ म्हणून थांबतोय. ते डोळे मिटून पुटपुटले, ‘‘होय म्हाराजा.’’ आणि त्यांच्या मागून सगळी वाडी, लगाम घातलेल्या आवाजात, एकसुरात कुजबुजली, ‘‘होय म्हाराजा.’’

वकील चमकले, मग खूष झाले. ‘‘प्रत्येक कुटुंबाला त्याच जातीचा नवा पाळणा देण्यात येईल.’’

‘‘होय म्हाराजा.’’

आमचे वकील हरकत घ्यायला उठून उभे राहिले. मी नवऱ्याला कोपर मारलं, तर तोही भक्तिभावाने ओठ हलवत होता. मॅडमनी टंकलेखकाला खूण केली, ‘‘संमती आहे असं दिसतं. घ्या लिहून.’’

‘‘आणि तक्रारदार मान्य करतात,’’ लोणी वाहत होतं, ‘‘की पाळण्यात कोणताही दोष नव्हता.’’

म्हातारबाबांनी तोंड उघडलं. आता मी ओरडले तर कंपनीचं म्हणणं खरं ठरणार, आणि नाही ओरडले तर आम्हीच ते खरं म्हटलेलं कागदावर चढणार. मी विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी ओरडले.

‘‘नाय म्हाराजा!’’

सुरमईच्या भावाला लावते तो आवाज. दालनातली सगळी पोरं एकदम उठून रडायला लागली. आणि पाळणा जागच्या जागी थांबला. गाणंही मध्येच तुटलं.

‘‘हाच आमचा मुद्दा!’’ कंपनीचे वकील आनंदाने म्हणाले. ‘‘मोठा आवाज झाला की पाळणा थांबतो. मॅडम, आपण स्वतः पाहिलंत.’’

‘‘मोठो आवाज झालो की थांबता?’’ मी विचारलं. सरकारी जागेत शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. ‘‘आणि पोर रडता ता काय कानात सांगता? थांबव बघू आता तूच आमच्या पोरांका, तुझ्या ह्या आवाजान!’’

मॅडमनी रडणाऱ्या पोरांकडे पाहिलं, मग ढिम्म पाळण्याकडे, मग वकिलांकडे. ‘‘उत्तर द्या.’’

वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली. ते पोरांच्या रडण्यात कुणाला ऐकू आलं नाही. त्यांना पुन्हा, मोठ्याने मागावी लागली.

निकाल आमच्या बाजूने लागला. पाळणा सदोष, पावतीप्रमाणे पैसे परत, वर सगळ्यांना सारखी भरपाई, आणि कंपनीने आपले पाळणे घेऊन जावेत. शिरोड्याच्या जोडप्याने छापील किमतीला घेतला होता म्हणून त्यांना आमच्यापेक्षा जास्त परत मिळालं. घासाघीस करणाऱ्याला कायद्यात काही बक्षीस नाही. आणि माझ्या मुख्य गोष्टीबद्दल निकालात लिहिलं होतं, ‘तक्रारदार क्रमांक एक यांच्या आवाजाने पाळणा थांबल्याचे आयोगाने प्रत्यक्ष पाहिले. सदर आवाज सामान्य आहे किंवा कसे, या प्रश्नात जाण्याची आवश्यकता नाही.’

‘‘जिंकलंस मा?’’ नवरा म्हणाला.

‘‘आवश्यकता कशी नाय?’’ मी म्हटलं.

काही दिवसांनी कंपनीचा टेम्पो पाळणे न्यायला आला. सगळ्यांचे चढवून झाले, माझा शेवटचा. ड्रायव्हर सावंतवाडीकडचा, भाड्याचा माणूस. मी पाळण्यासमोर उभी राहिले.

‘‘आधी म्हण. दोष पाळण्यात होतो, बायांत नाय.’’

‘‘ताई, मी फक्त गाडी चलवतंय.’’

‘‘गाडी कोणाची भरतंस? कंपनीची. मगे तोंडय आज तेंचाच. म्हण.’’

त्याने इकडेतिकडे बघून पुटपुटल्यासारखं केलं. मी म्हटलं, आयकाक येना नाय. बायका आपापल्या दारापुढच्या खळ्यांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हातारबाबाही आले आणि सवयीने डोळे मिटून उभे राहिले. ड्रायव्हरला पुढे देवगडपर्यंत जायचं होतं.

‘‘दोष पाळण्यात होतो!’’ तो छाती फोडून ओरडला. ‘‘बायांत नाय!’’

‘‘होय म्हाराजा!’’ वाडी म्हणाली, लगाम न घालता.

मी बाजूला झाले. कंपनी ती नव्हतीच, भाड्याचं तोंड होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तेवढ्यावर सौदा पटला. त्याने पाळणा चढवला, दोर आवळला आणि टेम्पो निघाला. वाडी शांत झाली तसे टेम्पोतले सगळे पाळणे एकदम झुलू लागले आणि गाऊ लागले. टेम्पो वळणाआड गेला तरी गाणं ऐकू येत होतं. मग कुणाचा तरी कुत्रा भुंकला असावा, कारण ते थांबलं.